पुस्तक काढताय? आधी तीनशेच छापा

हस्तलिखित घेऊन माणूस माझ्याकडे येतो तेव्हा ते बहुतेक वेळा साडीच्या दुकानातल्या कापडी पिशवीत असतं. माणूस खुर्चीत बसतो, पाणी पितो, पण पिशवी मांडीवरून खाली ठेवत नाही. मग हळूच विचारतो, ‘‘भाऊ, किती खपतीन?’’

वर्ध्यात अक्षरजुळणी करता करता मी पुस्तकं काढायला लागलो, त्याला बावीस वर्षं झाली. या प्रश्नाचं माझं उत्तर दरवर्षी आखूड होत गेलं. सुरुवातीला अर्धा तास बोलायचो: विषय, वाचकवर्ग, मुखपृष्ठ, प्रस्तावना कोणाची. आता म्हणतो, ‘‘मला माहीत नाही.’’ समोरचा हिरमुसतो. इतकी वर्षं धंद्यात राहून याला एवढंही सांगता येत नाही, असं त्याच्या तोंडावर दिसतं.

सांगता कोणालाच येत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयात एक खटला चालला. पेंग्विन रँडम हाऊस ही जगातली सगळ्यात मोठी प्रकाशनसंस्था २२० कोटी डॉलर मोजून सायमन अँड शुस्टर ही दुसरी मोठी संस्था विकत घ्यायला निघाली होती आणि अमेरिकी सरकारने तिला हरकत घेतली होती. तिथे साक्ष देताना पेंग्विनचे तेव्हाचे प्रमुख मार्कुस डोले यांनी शपथेवर सांगितलं की, पुस्तकाचं यश ही लहरीची गोष्ट आहे, अमुक पुस्तक चालेलच असं आधी कळत नाही. आमच्या नावात ‘रँडम’, म्हणजे लहरी, आहे ते उगाच नाही, असंही ते म्हणाले. ऑक्टोबरअखेर न्यायाधीशांनी तो व्यवहार अडवला, ते वेगळं. पण ज्यांच्याकडे विक्रीचे आकडे, जाहिरातीचा पैसा, निवडक संपादक सगळं आहे ते असं म्हणत असतील, तर बजाज चौकातून दुपारच्या उन्हात पिशवी घेऊन आलेल्या माणसाला मी कोणत्या तोंडाने आकडा सांगू?

असं का होतं, याचा एक सुंदर प्रयोग झालेला आहे. पुस्तकांवर नव्हे, गाण्यांवर. मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघा संशोधकांनी तो केला आणि २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापला. अनोळखी बँडची ४८ गाणी संकेतस्थळावर ठेवली, १४ हजारांवर लोकांना ऐकायला बोलावलं. काहींना फक्त गाणी दिसली. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे गट केले आणि आपल्या गटातल्या लोकांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं, तो आकडाही त्यांना दाखवला. आकडे न पाहता ऐकणाऱ्यांनी जे गाणं २६ व्या क्रमांकावर ठेवलं, ते एका गटात चक्क पहिलं आलं आणि दुसऱ्या एका गटात चाळिसावं. गाणं तेच. फरक इतकाच की, एका गटात सुरुवातीच्या चार जणांना ते आवडलं आणि मागचे त्यांच्या मागे गेले. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी रद्दी वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. आपण लिहितो ती बहुतेक पुस्तकं या मधल्या ढिगातली असतात. हे वाक्य कडू आहे, पण एकदा गिळलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

आता माझीच दोन पुस्तकं सांगतो. एक कादंबरी होती. लेखक प्राध्यापक, भाषा देखणी. मी स्वतः ती रात्रभर जागून वाचली होती. हजार प्रती छापल्या. प्रकाशन समारंभाला सभागृह भरलं, त्या दिवशी ७० गेल्या. पुढच्या पाच वर्षांत शे-सव्वाशे. उरलेले गठ्ठे लेखकाच्या घरी दिवाणाखाली गेले. एका पावसाळ्यानंतर त्यांचा फोन आला म्हणून गेलो. खाकी कागदात बांधलेला गठ्ठा ओढला तर वरून अगदी शाबूत. सुतळी सोडली आणि वरचं पुस्तक उचललं तर हातात नुसतं मुखपृष्ठ आलं. आतली पानं वाळवीने नक्षीसारखी कोरली होती. वहिनी दारात उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. पोछा घेऊन आल्या आणि फरशी पुसायला लागल्या.

दुसरं पुस्तक एका निवृत्त तलाठ्याचं. सातबारा कसा वाचायचा, फेरफार म्हणजे काय, वारस नोंदीला कोणते कागद लागतात, असं ६४ पानी, पिनेचं बाइंडिंग. मला त्यात काही राम वाटला नव्हता. ओळखीचे म्हणून तीनशे छापून दिले. त्यांनी समारंभ केला नाही. वीस-वीस प्रती तहसील कार्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानांत ठेवल्या, काउंटरवर, स्टॅम्पपेपरच्या बाजूला. तीन महिन्यांत परत छपाईला आले. मग आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूर. आज ते पुस्तक माझ्या यादीत सगळ्यात जास्त खपलेलं आहे. यात माझी अक्कल शून्य.

तेव्हा पहिला सल्ला तोच, जो मथळ्यात आहे. थोडं गणित मांडतो. आकडे समजुतीसाठी धरले आहेत, तुमच्या छापखान्याचे दर वेगळे असतील, पण प्रमाण साधारण असंच येईल. डेमी आकाराचं, १६० पानांचं, म्हणजे दहा फॉर्मचं पुस्तक. किंमत २५० रुपये. विक्रेता आणि वितरक मिळून चाळीस टक्के धरा. तुमच्या हाती प्रतीमागे १५० येतात. हजार प्रती छापल्या तर प्रत ६० रुपयांना पडते, एकूण ६० हजार. तीनशे छापल्या तर प्रत महाग, शंभराला, एकूण ३० हजार. लेखक इथेच फसतो. छापखानेवाला म्हणतो, ‘‘हजार घ्या ना, प्रत स्वस्त पडते,’’ आणि ते खोटं नसतं. पण समजा दीडशेच गेल्या. हाती आले साडेबावीस हजार. तीनशेवाल्याचे साडेसात हजार बुडाले, हजारवाल्याचे साडेसदतीस हजार. आणि समजा नशीब फळफळलं, हजारच्या हजार गेल्या. तर तीनशेवाल्याने पुढच्या सातशे ६५ रुपयांनी छापल्या असतील; त्याचा एकूण खर्च साडेपंचाहत्तर हजार. हजारवाल्यापेक्षा त्याला साडेपंधरा हजार कमी सुटले. म्हणजे यश आलं तर साडेपंधरा हजारांची हळहळ, नाही आलं तर तीस हजारांचा बचाव. आणि नाही येण्याचीच शक्यता मोठी. आमच्या भागात कपाशी लावणारा माणूस मृगाच्या पहिल्या सरीला घरातलं सगळं बियाणं मातीत घालत नाही. दुबार पेरणीपुरतं राखून ठेवतो. पुस्तकाचा धंदा ओलिताचा नाही, कोरडवाहू आहे.

दुबार पेरणी करायची तर बियाणं आपल्याच घरात हवं. इथे नव्या लेखकांची सगळ्यात मोठी चूक होते. पुस्तक छापून झालं की प्रती घेतात आणि खूश होऊन घरी जातात. जुळणीची ओपन फाईल मागत नाहीत. पाच वर्षांनी कोणी तरी प्रत मागतं, शाळा किंवा ग्रंथालय पन्नास घ्यायला तयार होतं, आणि तोवर डीटीपीवाल्याचा संगणक भंगारात गेलेला असतो. पीडीएफ आणि ओपन फाईल दोन्ही मागून घ्या, मुखपृष्ठाचीसुद्धा. मजकूर युनिकोडमध्ये आहे का ते बघा. पेजमेकर आणि श्रीलिपी या सॉफ्टवेअरमधली जुनी पुस्तकं आज पुन्हा काढायची म्हणजे परत मुद्रितशोधनापासून सुरुवात. जोडाक्षरं अशी फुटतात की ‘कृष्ण’ ओळखू येत नाही. हे मी स्वतःच्या कामाविषयीही सांगतोय. माझ्याकडच्या २००५ पूर्वीच्या निम्म्या फायली आज उघडत नाहीत.

हक्कांचंही तेच. प्रकाशक मिळाला या आनंदात करार न वाचता सही करू नका, आणि करारच नसेल तर तो मागा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १९ वं कलम बरंच लेखकाच्या बाजूचं आहे. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, तोंडी चालत नाही. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरली जातात. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात त्यांचा वापरच केला नाही, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास ते हक्क संपतात. म्हणून करारात ‘कायमस्वरूपी’, ‘सर्व भाषा’, ‘सर्व माध्यमे’ असे शब्द दिसले की तिथे बोट ठेवून विचारायचं. चित्रपट, अनुवाद, ध्वनिपुस्तक यांचे हक्क वेगळे ठेवा. तुम्ही म्हणाल, माझ्या गावच्या आठवणींवर कोण चित्रपट काढतो? नाही काढणार बहुतेक. पण कोणाचा निघेल ते आधी कळत नाही, हाच तर सगळा विषय आहे. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिलं तेव्हा त्यावर वीस वर्षांनी आचार्य अत्रे चित्रपट काढतील आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळेल, असं कोणी म्हटलं असतं तर गुरुजीच हसले असते.

गुरुजींचं नाव निघालं म्हणून वर्ध्याचीच गोष्ट सांगतो, कारण ती मला या धंद्यातली सगळ्यात मोठी शिकवणी वाटते. विनोबांच्या आईला, रखुमाईंना, गीता समजेल अशा मराठीत हवी होती. आई १९१८ मध्ये गेली. विनोबांनी ‘गीताई’ लिहायला घेतली ती ७ ऑक्टोबर १९३० ला आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला संपवली. सातशे श्लोक, चार महिने. पण आतली खुबी पुढे आहे. लिहून झाल्यावर त्यांनी ती आश्रमातल्या लहान मुलांच्या वर्गाला शिकवून पाहिली आणि जिथे मुलं अडली तिथे आपले शब्द बदलले. मुलांचे नव्हे, आपले. पुस्तक १९३२ मध्ये आलं तेव्हा लेखक धुळ्याच्या तुरुंगात होता. समारंभ नाही, लेखकाची मुलाखत नाही, काही नाही.

त्याच तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, अठरा रविवारी अठरा अध्यायांवर विनोबा कैद्यांपुढे बोलले. साने गुरुजी समोर बसून उतरवून घेत होते. तीच ‘गीताप्रवचने’. गुरुजींची लेखणी त्या रविवारी आजारी पडली असती तर हे पुस्तक जगात नसतं. विनोबा काही ते लिहायला बसले नव्हते. आज पवनारला धाम नदीच्या काठी परंधाम प्रकाशनाच्या कपाटासमोर उभं राहिलं की कितीतरी भाषांतली ‘गीताप्रवचने’ दिसतात. दोन्ही पुस्तकांच्या प्रती लाखांत मोजाव्या लागतात. वर्ध्याजवळ गोपुरीला तर ‘गीताई’ शिळांवर कोरून उभी केली आहे.

याला नशीब म्हणायचं का? थोडं म्हणायला हरकत नाही. पण दोन गोष्टी नशिबाच्या नव्हत्या. एक, किंमत. ही पुस्तकं मजुराच्या हातात पडतील इतकी स्वस्त ठेवली गेली. दोन, पाय. १९५१ मध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झालं आणि विनोबा पुढची तेरा वर्षं गावोगाव चालत राहिले. यात्रेबरोबर पुस्तकं चालली. वितरकाचं जाळं नव्हतं, दुकानांची साखळी नव्हती; रोज नवं गाव आणि रोज संध्याकाळी सभा. वर्धा नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यात मोझरीला, तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ १९५५ मध्ये आली, तीही अशीच. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावागावांत आधीपासून भजन म्हणत होत्या. पुस्तकाला रस्ता शोधावा लागला नाही.

आपण विनोबा नाही, तुकडोजी महाराजही नाही. पण तलाठीकाकांनी नेमकं तेच केलं होतं ना? वाचक जिथे आधीच उभा आहे तिथे पुस्तक नेऊन ठेवलं. तेव्हा प्रकाशनाआधी एक वही घ्या आणि तुमचा वाचक रोज कुठे जातो ते लिहा. शेतीचं पुस्तक असेल तर कृषी केंद्राचा काउंटर, बाजार समितीबाहेरची चहाची टपरी. बालकविता असतील तर शाळेचं स्नेहसंमेलन. स्थानिक इतिहास असेल तर सेवाग्राम-पवनारला येणारा पर्यटक. कविता असतील तर, खरं सांगू, दुसरे कवी. त्यांच्याकडे पैसे नसतात आणि ते प्रत भेट मागतात. तीनशेतल्या पन्नास त्यांच्या नावाने आधीच वजा करा.

विनोबांची मुलांच्या वर्गाची युक्तीही उचला. छापण्याआधी मजकुराच्या पाच झेरॉक्स काढून पाच जणांना द्या. मित्र नकोत, मित्र ‘झकास’ म्हणतात. ‘कसं वाटलं’ विचारू नका, ‘कुठे सोडलं’ ते विचारा. पाचातल्या तिघांनी चाळिसाव्या पानावर सोडलं असेल तर चाळिसाव्या पानाचं काही तरी चुकलंय. विक्रीचा अंदाज यातून मिळत नाही. पुस्तक तळच्या ढिगातून मधल्या ढिगात येतं, बस. तिथून पुढे दैव.

ग्रंथालयांबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांची मान्यताप्राप्त ग्रंथालयं आहेत, जिल्ह्यात ग्रंथोत्सव भरतो, तिथे स्वतः जाऊन ग्रंथपालांच्या हातात प्रत द्या. पत्र पाठवून काही होत नाही. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची जाहिरात कधी येते त्यावर लक्ष ठेवा. आयएसबीएन क्रमांक भारतात फुकट मिळतो, लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. त्याचे चार हजार मागणाऱ्याला नमस्कार करून उठा. १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. ती पाठवाच. घरचा गठ्ठा वाळवीने खाल्ला तरी एक प्रत कुठे तरी राहते.

आणि फोनवर कोणी ‘‘तुमच्या पुस्तकाची निवड झाली आहे, तुम्ही फक्त पन्नास हजार भरा, बेस्टसेलर करून देतो’’ म्हणाला, तर समजा की त्याचं गिऱ्हाईक वाचक नाही, तुम्ही आहात. पैसे घालून पुस्तक काढण्यात लाज काहीच नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक तेच करतात. पण छपाईचे पैसे द्यावेत, भविष्य सांगण्याचे देऊ नयेत. मी स्वतः एकदा अशा एका मोठ्या शहरातल्या मंडळींच्या नादाला लागून एका शिक्षिकेचा संग्रह त्यांच्याकडे पाठवला होता. तिला मिळालं एक सन्मानचिन्ह, दहा प्रती आणि पुढच्या पुस्तकाची सवलत. तिने मला कधी बोल लावला नाही. मला अजून तिच्या शाळेवरून जाताना मान खाली घालावीशी वाटते.

धीराबद्दल मात्र मी सावध बोलतो, कारण त्याचा गैरवापर फार होतो. ‘पुस्तकाला काळ न्याय देतो’ हे दर दुसऱ्या समारंभात ऐकू येतं. सगळ्यांना देत नाही. बहिणाबाई चौधरी डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या, मुलाने त्यांच्या कवितांची वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. वही चुलीत गेली असती तर काळ काय करणार होता? वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ चं. अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञाचं चरित्र मराठी घराघरांत पिढ्यान् पिढ्या वाचलं जाईल, हे कागदावर कोणी मांडून दाखवलं असतं? पण ते छापत राहिलं गेलं, दुकानात मिळत राहिलं, म्हणून दहाव्या वर्षी ऐकलेल्या वाचकाला विसाव्या वर्षी विकत घेता आलं. लेखकाच्या हातात आहे ते एवढंच: मागणी आली त्या दिवशी प्रत हजर असणं. आता मागणीप्रमाणे पंचवीस-पन्नास प्रतींची डिजिटल छपाईही होते, तेव्हा ‘आवृत्ती संपली’ ही काही अभिमानाने सांगायची गोष्ट राहिलेली नाही.

हे सगळं मी गेल्या आठवड्यात एका गुरुजींना सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकलं, पिशवी अखेर टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘‘पण तीनशेच काऊन? चारशे करा. माझे विद्यार्थी लय आहेत.’’ चारशेंवर ठरलं. ते जिना उतरत होते आणि तलाठीकाका चढत होते. काखेत त्यांच्याच पुस्तकाची जुनी प्रत, पानोपानी लाल शाईच्या खुणा. सातबारा आता ऑनलाइन झाला, त्यावर डिजिटल सही येते, एकतिसावं पान पूर्ण बदलायचं म्हणाले. आणि या वेळी किती छापायच्या, ते विचारण्याआधीच त्यांनी सांगून टाकलं, ‘‘तीनशे.’’